आत्याबाईचा खोटा उसासा

भोवरा अंतिम फेरीत हरला. तिन्ही परीक्षकांचे हात एकाच वेळी समोरच्याकडे गेले, टाळ्या पडल्या, कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि भोवरा जमिनीवरची आपली टोपी उचलून, झटकून, उलटी घालून घरी आला.

हे झालेलं नाही. म्हणजे झालं, पण भोवऱ्याच्या घरात असं ठरलंय की झालं नाही, आणि पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात नसते विषय काढू नयेत. तेव्हा स्पर्धा अजून व्हायची आहे. सकाळ आहे. लाँड्रीचं शटर नुकतंच वर गेलंय, आणि हॉटेलांतून आलेल्या चादरींच्या डोंगरापुढे उभा राहून भोवरा कुणी कॉफी सांडली आणि कुणी अब्रू, याची वर्गवारी करतोय.

लाँड्री मामाची. गिऱ्हाइकं मोठी: हॉटेलं, दवाखाने, एक व्यायामशाळा. व्यायामशाळेच्या टॉवेलांबद्दल न बोललेलं बरं. खालच्या मजल्यावर धुलाईची यंत्रं, तिथं भोवरा. वरच्या मजल्यावर चादरींना इस्त्री करणारा लांबलचक तापता रोलर, तिथं मामाचा मुलगा खटका. दोघं बरोबरीचे, एकाच पाळण्यात आळीपाळीनं झोपलेले. भोवरा लहानपणी आल्यागेल्यासमोर गरगर फिरून पडायचा आणि पडल्यावरही फिरत राहायचा, म्हणून भोवरा. खटक्यानं रांगत्या वयात विजेच्या बोर्डात बोट घातलं होतं. त्याला काही झालं नाही, गल्लीची वीज गेली. म्हणून खटका.

धुलाईच्या यंत्रांपैकी बाकीची यंत्रांसारखी होती. कोपऱ्यातली मात्र आत्याबाई होती. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत अवजड. चालू झाली की थरथरत जागेवरून सरकायची आणि हळूहळू दाराकडे निघायची, रुसून 'चालले मी माझ्या घरी' म्हणणाऱ्या आत्यासारखी. मग दोघातिघांनी मिळून तिची समजूत काढत तिला परत कोपऱ्यात ढकलायचं. तिचा पट्टा सैल होता, त्यामुळे चालताना 'धड्ड-खट्, धड्ड-धड्ड-खट्' असा लंगडा ठेका पडायचा, आणि मधेच ती दम खायला थांबायची. पहिला दम लांब, आणि त्याच्या आधी एक ठोका घसरायचा. मग बराच वेळ सगळं सुरळीत, आणि मग दुसरा, इतका छोटा की ऐकणाऱ्याला वाटावं आपलीच पापणी लवली. शेवटी उसासा. 'हुश्श' करून सगळा आवाज खाली बसायचा, संपलं एकदाचं असं वाटायचं, आणि ते संपलेलं नसायचं.

तिच्या दाराचं कुलूप मोडकं होतं. नवखा माणूस हुश्श ऐकून दार उघडायचा आणि साबणाचं कोमट पाणी छातीपासून बुटांपर्यंत घेऊन पुतळ्यासारखा उभा राहायचा. मामा भिजला होता. दुरुस्तीवाला भिजला होता, आणि 'हिला माणसांचा डॉक्टर दाखवा' म्हणून निघून गेला होता. आरोग्य खात्याचा तपासनीस भिजला आणि त्यानं 'येथील स्वच्छता अंगावर येते' असा शेरा मारला. फक्त भोवरा आणि खटका भिजत नसत. त्यांना तिचा श्वास पाठ होता.

दुपारचा माल गेला की खालचा मजला कोरडा पुसून त्यावर जुन्या बाजारातून आणलेलं लिनोलियमचं गुळगुळीत जाजम पसरायचं, आणि भोवरा उलटा व्हायचा. पाठीवर गिरक्या, डोक्यावर भिंगरी, एका हातावर सगळं शरीर, आणि ऐन ठोक्यावर थिजून जाणं, ज्याला नाचणारे फ्रीझ म्हणतात. आणि खटका त्याच्याखाली ठोके अंथरायचा. वरच्या मजल्यावर, न्यायला कुणी न आलेल्या कपड्यांच्या खोलीत त्याचा लॅपटॉप होता, दोन स्पीकर होते आणि एक बिनवारशी कोट होता, जो तो विचार करताना घालायचा. हँगरचा किणकिणाट, वाफेचा फुत्कार, रोलरची घरघर, असं काय काय फोनवर पकडून त्याचं तो संगीत करायचा. भोवऱ्याचा उजवा गुडघा कधी कुरकुरतो तेसुद्धा त्याला ठाऊक होतं. एका तुकड्यात त्यानं तो घातलाही होता.

मामाला हे संगीत कळत नसे, आणि न कळणारी गोष्ट तो गप्प बसून सोसणाऱ्यांतला नव्हता.

"अरे, हे काय ठोकपीट लावलंय? माणसाचं गाणं लाव की एखादं. गळा, भावना, असं काही."

"मामा, गाण्यात शब्द असतात," भोवरा उलट्या अवस्थेतून म्हणाला.

"मग? शब्दांनी तुझं काय घोडं मारलं?"

"शब्द सांगतात, आता रड, आता लाज, आता तिच्याकडे बघ. नाचणारा गाण्याचा नोकर होतो. नोकरी मला इथं आहेच की. या संगीतात कुणी काही सांगत नाही. खाली जाड ठोका असतो, तो पायांचा. वर तडकणारा ठोका असतो, तो म्हणतो इथं थांब. आणि दोन्हींच्या मधे मोकळी जागा. तिथं आपला संसार मांडायचा."

"बिऱ्हाड करायला तुला तीच जागा मिळाली?"

"आणि तोच तुकडा परत परत येतो ना, बाबा," वरून जिन्यात येऊन खटका म्हणाला, "म्हणून कानाला ओळख होते. मग शरीर पुढच्या ठोक्यावर पैज लावतं. इथं पडेल, इथं पडेल. आणि मी मधेच एखादा ठोका काढून घेतो. पैज कुणाची लागली आणि कोण तोंडावर आपटलं, ते बघायला लोक येतात."

"म्हणजे जुगार."

"घाम येणारा जुगार."

"मग खरा ढोलवाला बसव. तो पण ठोके देईल. वर चार लोकांत शोभेल."

"खरा माणूस नको, मामा," भोवरा सुलटा होत म्हणाला. "मी घसरलो की त्याला माझी दया येते, हात मंद होतो. दया आली की ताल गेला. यंत्राचं तसं नसतं. यंत्र कुणाच्याच बाजूचं नसतं."

मामानं कोपऱ्यात बघितलं. आत्याबाई दाराच्या दिशेनं बरीच पुढे आली होती.

"हे तिला सांगितलंस का?" तो म्हणाला, आणि तिला ढकलायला गेला.

मामाच्या तोंडून कधीमधी असं काही निघायचं, पण त्याच्याकडे लक्ष द्यायची घरात पद्धत नव्हती.

ती स्पर्धा मोठी होती. जिंकणाऱ्याला वर्षभर एका फिरत्या नृत्यपथकात जागा. नवीन गावं, नवीन रंगमंच, आणि मुख्य म्हणजे चादरी दुसऱ्यांनी धुतलेल्या. शिवाय प्रथा अशी की जिंकणारा आपला संगीतवाला बरोबर नेतो. भोवरा आणि खटका यांचं ठरलं होतं: जिंकलो तर दोघं जाऊ. मामाचंही ठरलं होतं. "जिंकलात तर जा, वर्षभर जगापुढे पाय वर करून या. हरलात तर भोवऱ्यानं खालचा मजला कायमचा हातात घ्यायचा. मी थकलो. माझ्यानं आता आत्याबाई ढकलवत नाही." भोवऱ्याच्या आईनं भावाच्या बाजूनं मान हलवली, मग मुलाच्या बाजूनं हलवली, आणि मान दुखतेय म्हणून आत गेली.

अशा स्पर्धेचा एक कडक रिवाज असतो. नाचणाऱ्याला संगीत आधी कळता कामा नये. डीजे काय लावेल ते डीजेच जाणे. ठोका कानावर पडला की तिथल्या तिथं त्याचं करायचं ते करायचं. पुढचा ठोका आधीच माहीत असणं म्हणजे समोरच्याचे पत्ते बघून खेळणं. आणि त्या वर्षी आयोजकांनी डीजे म्हणून बोलावलं ते खटक्याला. नातं त्यांना माहीत होतं. त्यांनी त्याला समोर बसवून विचारलं, "पक्षपात करशील का?" तो म्हणाला, "नाही." चौकशी संपली.

तेव्हापासून भोवऱ्यानं सोवळं पाळायला घेतलं. सराव जुन्या तुकड्यांवर. वरच्या मजल्याचा जिना वर्ज्य. खटका जेवायला आला आणि त्याची बोटं नकळत टेबलावर वाजायला लागली की भोवरा आपलं ताट उचलून न्हाणीघरात जायचा आणि बादली पालथी घालून तिथं जेवायचा.

"तुमचं काही बिनसलंय का रे?" आईनं दारावर टकटक करून विचारलं.

"नाही गं. त्याची बोटं वाजतायत."

"मग त्याला सांग ना, वाजवू नको."

"कसं सांगणार? तो विचार करतोय. आणि आई, तूही टकटक करू नकोस. तुझ्या अंगात भरलं असेल."

आईनं त्यानंतर दार वाजवलं नाही, नुसती हाका मारायची, त्याही सुरात येऊ न देता.

स्पर्धा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. भोवरा व्यायामशाळेचे टॉवेल पोचवून परत आला, तर गरम पाण्याच्या पाइपवर एक बुटांची जोडी वाळत घातलेली. महागाचे बूट, चंदेरी नाड्या. उजवा बूट गडद, डावा साबणाच्या पाण्यानं फिका पडलेला.

"हे कुणाचे?"

"गिऱ्हाइकाचे," खटका म्हणाला. त्यानं बिनवारशी कोट घातला होता.

"आपण बूट कधीपासून धुतो?"

"आजपासून."

भोवऱ्याला ही धंद्याची वाढ वाटली. त्याला मामेभावाचा अभिमानही वाटला. माणूस विश्वास ठेवतो तेव्हा तो किती मन लावून ठेवतो ते अशा वेळी दिसतं.

स्पर्धेची दुपार. एका खेळाच्या बंदिस्त मैदानात मधोमध काळं लिनोलियम चिकटपट्टीनं बसवलेलं, भोवती दाटीवाटीनं बसलेली माणसं, एका बाजूला खुर्च्यांवर तीन परीक्षक, आणि उंच टेबलामागे कानावर हेडफोन चढवलेला खटका. भोवरा एकेक फेरी काढत अंतिम फेरीत पोचला. समोर पारा. कुठंच एका जागी ठरत नाही म्हणून त्याला पारा म्हणायचे. सडसडीत, हसतमुख, प्रत्येक फेरीनंतर हरलेल्याला मिठी मारणारा. अशा माणसानं हरवलं तरी त्याच्यावर चिडता येत नाही, हीच त्याची सगळ्यात वाईट सवय.

निवेदकानं जमिनीवर बाटली फिरवली. तोंड भोवऱ्याकडे. पहिला तो.

संगीत सुरू झालं. खाली जाड ठोका, वर तडक ठोका, कडेनं विजेच्या तारेसारखी गुणगुण. भोवरा उभ्यानं दोन-चार पावलं टाकत कानांनी वाट चाचपत होता, तेवढ्यात त्याच्या पाठीच्या कण्याला काहीतरी ओळखीचं लागलं. धड्ड-खट्. धड्ड-धड्ड-खट्. वेग वाढवलेला, लोखंड काचेसारखं घासून लखलखीत केलेलं, पण लंगडेपण तेच.

आत्याबाई!

तो खाली गेला, हातावर आला, पाय फिरवायला लागला, आणि त्याच्या डोक्यात पायांपेक्षा वेगानं चक्रं फिरायला लागली. म्हणजे पुढे लांब दम येणार. त्याच्याआधीचा तो घसरता ठोका आला की तिथंच थिजायचं. सगळ्या मैदानात फक्त त्यालाच ते माहीत होतं. खटक्यानं हे त्याच्यासाठी विणलं होतं, आयुष्यभराच्या चादरी एका ठेक्यात गुंडाळून दिल्या होत्या. त्याचे डोळे भरून आले, जे उलटं असताना कपाळाकडे वाहतात.

आणि मग त्याच्यातला सोवळा जागा झाला. हे माहीत असणं म्हणजे लबाडी. न्हाणीघरात बादलीवर बसून जेवलो ते कशासाठी?

घसरता ठोका आला. भोवऱ्यानं दात आवळले आणि ठरवून, जाणूनबुजून, प्रामाणिकपणाच्या सगळ्या ताकदीनिशी तो थांबला नाही. संगीत थांबलं. त्या शांततेत त्याचे बूट लिनोलियमवर चीं-चीं करत फिरत राहिले. कुणीतरी हसलं. दुसरा, पापणीएवढा दम आला, तोही त्यानं असाच पायांखालून जाऊ दिला. परीक्षकांना दिसलं ते एवढंच की या मुलाला ऐकू येत नाही. भोवऱ्याला वाटलं, खटक्याला तरी कळलं असेल. त्यानं टेबलाकडे बघून हलकेच डोळा मारला. खटका बटणांकडे बघत होता.

आता पारा आला. लांब दम, पारा थिजला. आखूड दम, पारा थिजला, एका हातावर, पाय कात्रीसारखे. मैदान उठून उभं राहिलं. भोवरा कडेला उकिडवा बसून टाळ्या वाजवत होता. ठीक आहे, त्यानं माझ्या पाळीत दोन्ही ऐकले, हुशार आहे, शिकला. यात काही गैर नाही.

मग उसासा आला. तो भोवऱ्याच्या पाळीत आलाच नव्हता.

हुश्श. सगळा आवाज खाली बसला. मैदानातल्या एकूणएक माणसाला वाटलं, संपलं. टाळ्या थांबल्या. एका परीक्षकानं खुर्चीला पाठ टेकली. निवेदकानं माइक तोंडाशी नेला. डोक्यावर भिंगरी घेत असलेला पारा तेवढा थांबला नाही. उलट त्यानं वेग वाढवला, चेहऱ्यावर ओळखीचं हसू आणलं, आणि आत्याबाई दुप्पट जोरानं धडाडली त्या नेमक्या ठोक्यावर तो हवेत उसळून खांद्यावर थिजला.

छप्पर उडायचं बाकी राहिलं. लोक म्हणाले, काय कान आहे! भोवऱ्याला एकच गोष्ट दिसत होती. तो उसासा खोटा आहे हे ऐकून कळत नाही. कानानं कधी कुणाला कळलेलं नाही. मामाला नाही, दुरुस्तीवाल्याला नाही, सरकारला नाही. ते फक्त एकाच मार्गानं कळतं.

हा माणूस भिजलेला आहे.

पाऱ्याचे पाय अजून वरच होते. चंदेरी नाड्या. उजवा बूट गडद, डावा फिका.

भोवऱ्याची पुढची पाळी आली, आणि तो मधोमध जाऊन उभा राहिला. नुसता उभा. हात अर्धवट उचललेले, तोंड टेबलाकडे, आणि संगीत त्याच्या अंगावरून वाहून चाललंय. नंतर एक परीक्षक कौतुकानं म्हणाला की भोवऱ्याचा तो सगळ्यात सुंदर फ्रीझ होता. फक्त ठोक्यावर नव्हता. मग भोवरा भानावर येऊन नाचला, गुडघ्याची पर्वा न करता नाचला, आणि पुढचं आपलं ठरल्याप्रमाणे झालेलं नाही.

पाऱ्यानं त्याला मिठी मारली.

"भारी रे," तो म्हणाला. "तुमची ती आत्याबाई म्हणजे अफाट बाई आहे."

घरातल्या बाईचं नाव परक्याच्या तोंडून ऐकल्यासारखं भोवऱ्याला झालं. तो स्पीकरांच्या मागे गेला. खटका वायर गुंडाळत होता, कोपर आणि अंगठा यांवरून, जशी दोघं मिळून लाँड्रीतली कपडे वाळवायची दोरी गुंडाळायचे.

"तो कधी आला होता?"

"कोण?"

"गिऱ्हाईक."

वायरीचे दोन वेढे पडले.

"तू व्यायामशाळेत गेला होतास तेव्हा."

"एकदाच आला?"

"भिजला एकदाच."

"मी काय विचारलं?"

"अरे, तू ऐकून तर घे. तुला ती पाठ आहे, त्याला नाही. मग मी ती वाजवली असती तर तो पक्षपात झाला असता की नाही? मी आयोजकांना शब्द दिला होता. म्हणून म्हटलं, दोघांनाही माहीत असू दे. सारखं वाटप."

"मला तू सांगितलं नव्हतंस!"

"तुला काय सांगायचं? तू तिच्या शेजारी राहतोस."

"मग दुसरं काही वाजवायचं होतंस! जगात आवाज संपले होते?"

"ते माझं सगळ्यात चांगलं काम आहे," खटका म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं मान वर केली. "तू सांग. तू ओळखलं नाहीस तिला?"

"चौथ्या-पाचव्या ठोक्याला ओळखलं."

"आणि थांबला नाहीस?"

"लबाडी झाली असती."

खटक्याच्या हातातली वायर सुटून जमिनीवर पडली. "म्हणजे मी तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू ते ओळखून, समजून, त्याच्यावरून चालत गेलास?"

"तू कुणासाठी केलंस ते आधी सांग."

खटक्यानं पायानंच वायरीचा गुंता बाजूला सारला.

"जो घेईल त्याच्यासाठी," तो म्हणाला. "तो भिजला ना, तर ओरडला नाही. तसाच निथळत उभा राहून परत ऐकायला लागला. मग मला म्हणाला, हे तू कसं केलंस, हा आवाज कुठून आणलास, दाखव. तू कधी विचारलंस मला, कुठून आणलास म्हणून?"

"मला माहीत होतं तू कुठून आणलास! मीच धुतो तिच्यात!"

"तरी विचारायचं असतं रे."

एवढं बोलून त्यानं वायर उचलली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. भोवऱ्याला अजून एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला लागू नये अशी त्याची फार इच्छा होती.

"जिंकणारा आपला संगीतवाला बरोबर नेतो," तो म्हणाला.

"हो."

"आपलं ठरलं होतं, जिंकलो तर दोघं जाऊ."

"हो."

"मग?"

"मग दोघं जातोय," खटका म्हणाला. "उद्या सकाळची बस आहे."

दोन्ही डगरींवर हात ठेवलेला माणूस पडत नाही, हे खरं आहे. डगरींना काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

घरी आईनं ताट वाढलं. मामा येऊन बसला. कुणी काही विचारलं नाही, आणि त्यातूनच ते ठरत गेलं की काही झालेलंच नाही. भोवरा सवयीनं ताट घेऊन न्हाणीघराकडे निघाला. बोटं वाजवणारं कुणी आलेलं नाही हे अर्ध्या वाटेत लक्षात आल्यावर परत येऊन बसला. "माझ्या माहेरचं पोर आहे, मी एक शब्द बोलणार नाही," असं आई म्हणाली, आणि मग भांडी घासून होईपर्यंत थांबली नाही. मामा खाली बघून जेवत राहिला. उठताना त्यानं खिशातून लाँड्रीच्या किल्ल्या काढून भोवऱ्याच्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवल्या.

"माझाच मुलगा आहे," तो म्हणाला. "पण भाच्या, तू म्हणायचास ना, यंत्र कुणाच्या बाजूचं नसतं."

"हो."

"यंत्राचं बरोबर होतं रे तुझं. बटण दाबणाऱ्याचं काय?"

या वेळी मात्र सगळ्यांनी लक्ष दिलं.

वरचा मजला आता नवीन माणूस बघतो. तो रोलर चालवताना गाणी म्हणतो, शब्द असलेली, भावना असलेली. मामा खूश आहे. बिनवारशी कोट खुंटीला आहे; खटक्यानं तो नेला नाही, आणि न्यायला कुणी आलं नाही तर तो कोणाचा मानायचा याबद्दल लाँड्रीचा नियम स्पष्ट आहे, पण भोवऱ्यानं तो अजून लावलेला नाही. लिनोलियम गुंडाळून उभं केलंय.

परवा आत्याबाईत दवाखान्याच्या चादरी होत्या. धड्ड-खट्, धड्ड-धड्ड-खट्. भोवरा टेकून उभा होता. लांब दम गेला. आखूड गेला. मग हुश्श झालं, सगळा आवाज खाली बसला, आणि इतक्या वर्षांत एकदाही न भिजलेल्या भोवऱ्याला मनापासून वाटलं की संपलं. त्यानं दार उघडलं.

पाणी कोमट होतं. तो ओरडला नाही. थोडा वेळ निथळत उभा राहून त्यानं ऐकून बघितलं, पाऱ्यानं ऐकलं होतं तसं; आणि त्याला मान्य करावं लागलं की तुकडा खरंच चांगला होता. मग तो ओल्या बुटांनी चीं-चीं करत मामाच्या टेबलाशी गेला, एक कोरा कागद घेतला, कोरडा पेन शोधला, आणि लिहिलं:

प्रति,
मा. अध्यक्ष,
स्पर्धा आयोजन समिती यांचे सेवेशी.

विषय: अंतिम फेरी झालीच नाही असे धरण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, सदर फेरीत वाजविण्यात आलेली शांतता (एक लांब, एक आखूड व एक खोटी) ही अर्जदाराच्या कामाच्या ठिकाणची असून ती अर्जदाराच्या अनुपस्थितीत परस्पर दाखविण्यात आलेली आहे. अर्जदाराने ती माहीत असूनही वापरली नाही, ही बाब कृपया त्याच्या विरुद्ध धरण्यात येऊ नये. निकालाबाबत अर्जदाराची तक्रार नाही. विजेत्याचे बूट फिके झाल्याबद्दल अर्जदार यंत्रातर्फे दिलगीर आहे.

तरी सदर फेरी झालीच नाही असे धरण्यात यावे. आणि ते नियमांत बसत नसल्यास, अर्जदाराचा मामेभाऊ, स्पर्धेपूर्वी होता त्याच स्थितीत, शक्य तितक्या लवकर परत मिळावा, ही नम्र विनंती.